साक्षीदार क्रमांक दोन

“यांना ओळखता का?”

रजिस्टर ऑफिसातल्या साहेबांनी पेनाचं टोक माझ्या नवऱ्याकडे रोखून मला विचारलं. पेन माझ्याही हातात होतं. सही करायला वाकले होते, ती तशीच वाकलेली राहिले.

लग्नाला तेरा वर्षं झाली होती. या माणसाला चहात साखर किती लागते, कुठल्या कुशीवर झोपला की घोरतो, भाजीत कांदा कच्चा राहिला तर काय चेहरा करतो, सगळं मला पाठ होतं. ओळखते म्हणायला काहीच अडचण नव्हती. पण पेनाखालची ओळ मी नुकतीच वाचली होती आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना.

आधी सकाळपासूनचं सांगते, म्हणजे मी का अडले ते कळेल.

साल दोन हजार चार, गाव सातारा. मी तेव्हा बायकांना स्कूटी शिकवायचे. एका शाळेचं मैदान सकाळचं मोकळं असायचं, तिथं दोन बॅचेस चालायच्या. शिकणारी पुढं, मी मागं. पाय वर, नजर समोर, आणि ओरडायचं असेल तर गाडी थांबवून ओरडा, हे माझे तीन नियम. आठ वर्षांत चारशेच्या वर बायका माझ्या हाताखालून रस्त्यावर गेल्या. डॉक्टरीण होती, भाजीवाली होती, एक तर साठीची कीर्तनकार होती. नसीम मुलाणी म्हणून सिव्हिलमधली एक नर्स पहिल्याच दिवशी मला घेऊन मैदानाकडेच्या चरात गेली आणि चरातूनच विचारती झाली, “बाई, ब्रेक यातला कुठला?” पुढं ती माझी मैत्रीण झाली. चरात एकत्र पडलेल्या माणसांचं आपोआप जमतं.

माझा नवरा श्रीरंग पाटबंधारे खात्यात सीनियर क्लार्क. (लिहिताना श्रीरंग म्हणते. समोर आजही ‘अहो’च.) मोत्यासारखं अक्षर, आवाज कधी चढायचा नाही, कुणाशी वाकडं नाही. फक्त दुचाकीची भीती. लहानपणी थोरल्या भावानं, म्हणजे अण्णांनी, सायकलवर बसवून उतारावर सोडून दिलं होतं. हात मोडला, तेव्हापासून हँडलला हात लावला नाही. अण्णा स्वतः एसटीचे ड्रायव्हर, बत्तीस वर्षं विनाअपघात. भाऊ भेटला की तेव्हाही विचारायचे, “काय श्रीरंग, सायकल आली का?” आणि श्रीरंग हसल्यासारखं करायचा.

तर मीच त्याला रोज गाडीवरून ऑफिसला सोडायचे. म्हणजे पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यापर्यंत. तिथून ऑफिसचं फाटक दिसायचं. पण तो तिथंच उतरायचा. “जरा पाय मोकळे होतात,” म्हणायचा. मी म्हणायचे, बरंच आहे, खुर्चीवर बसून पोट सुटतंय, तेवढंच चालणं.

आम्ही भाड्यानं राहायचो आणि घरमालक रोज माझ्या गाडीवरून कुरकुरायचे. बोळात लावली तर वाट अडते, ओट्यावर चढवली तर फरशीला तेल लागतं. म्हणून गोडोलीतल्या त्या नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट बघायला गेले, तेव्हा मी आधी खाली पार्किंग बघितलं. छपराखालचं, स्वतःचं, भिंतीवर नंबर घातलेलं. मग वर तिसऱ्या मजल्यावर जाऊन दोन खोल्या आणि किचन बघितलं. तेही आवडलं.

कर्ज श्रीरंगच्या नावावर निघालं, कारण पगाराची स्लिप त्याच्याकडे होती. बँकेतल्या बाईंनी मला विचारलं होतं, “मॅडम, तुमचं उत्पन्न कागदावर आहे का?” माझ्याकडे कागद म्हणजे बायकांच्या नावांची दोनशे पानी वही, आणि एक शिट्टी. पण बँक कर्ज देते ते सगळ्या किमतीचं देत नाही. सुरुवातीची रक्कम आपली आपण उभी करायची असते. ती माझी होती. सगळी. आठ वर्षांच्या क्लासची. दुसरी स्कूटी घेऊन आणखी एक बॅच काढायचं डोक्यात होतं, ते बाजूला ठेवून मी थोडी रक्कम बुकिंगला दिली आणि उरलेल्याचा बिल्डरच्या नावानं डीडी काढला. मला त्याचं काही वाटलं नाही. सुरुवात माझी, हप्ते त्याचे, घर दोघांचं.

खरेदीच्या दिवशी सकाळी श्रीरंग म्हणाला, “तू कशाला येतेस उन्हात? डीडी दे माझ्याकडे, मी उरकून येतो.”

“वा! घर घ्यायचं आणि मी घरी बसू?”

बुटाची लेस त्यानं दोनदा बांधली. मी अंजिरी रंगाची साडी नेसले, पावडर लावली, कारण नसीमनं सांगितलं होतं की हल्ली तिथं कॉम्प्युटरवर फोटो काढतात आणि तो कायमचा राहतो. डीडी पर्समध्ये, पर्स काखेत, आणि मागच्या सीटवर नवरा. अशी आमची वरात रजिस्टर ऑफिसला निघाली.

तिथं बाकावर अण्णा आधीच येऊन बसले होते, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. ते एक साक्षीदार. दुसरा साक्षीदार श्रीरंगच्या ऑफिसातला घाडगे. आमचे वकील भोकरे कागदांच्या गठ्ठ्यावर शिक्के मारून घेत फिरत होते. बिल्डर कासट कोपऱ्यात मोबाईलवर बोलत होते.

“लिहून घेणार कोण? या इकडं!” कॅमेऱ्यापाशी बसलेल्या बाईंनी हाक मारली.

श्रीरंग उठला. मीही उठले, पदर सारखा केला आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

“मॅडम, तुम्ही बाजूला व्हा. फोटोत येताय.”

मला वाटलं, एकेकाचा काढतात. मी बाजूला झाले. श्रीरंगचा फोटो निघाला, अंगठा उमटला. मग कासटांचा. मी आपली पदर धरून उभीच. तेवढ्यात भोकरे आले.

“घोटाळा झाला. घाडग्यांचा फोन होता, ऑफिसात तपासणी आलीय, येता येत नाही म्हणाले. दुसरा साक्षीदार लागेल.” मग त्यांची नजर माझ्यावर पडली आणि चेहरा एकदम खुलला. “अरे, वहिनी आहेत की! वहिनी, या, इथं सही करा.”

मी खुशीत गेले. मला वाटलं आला आपला नंबर. मुलींना मी पेट्रोलचा काटा बघितल्याशिवाय किल्ली फिरवू देत नसे, आणि स्वतः मात्र दस्त न वाचता सही करायला निघाले होते. वाकले, पेन टेकवलं, आणि नाव लिहायची जागा शोधताना ती ओळ दिसली. ‘साक्षीदार क्रमांक दोन.’

मी पानं उलटी चाळली. लिहून देणार, अमुक अमुक कासट. लिहून घेणार, श्री. श्रीरंग बाबूराव पिसाळ, वय त्रेचाळीस, धंदा नोकरी. पुढं पूर्णविराम. आणखी एक पान मागं गेले, आणखी एक पुढं. कुंदा श्रीरंग पिसाळ कुठंच नव्हती.

आणि तेव्हाच साहेबांनी विचारलं, “यांना ओळखता का?”

“ओळखते,” मी म्हटलं. “तेरा वर्षं ओळखते. पण साहेब, एक विचारू? साक्षीदारानं नेमकं काय सांगायचं असतं?”

साहेबांनी चष्मा वर केला. दिवसभरात असा प्रश्न त्यांना बहुतेक कुणी विचारत नसावं. “एवढंच की ही माणसं तीच आहेत आणि व्यवहार आपल्यासमोर झाला. बाकी आपला त्यात काही संबंध नाही.”

“काहीच नाही?”

“संबंध असला तर मग तो साक्षीदार कसला? पार्टीच झाली की ती.”

मी पेनाला टोपण लावलं. “मग मला सही करता येणार नाही.”

मागं कुणीतरी च्यक् केलं. अण्णा पुढं सरसावले. “आगं कुंदे, आसं काय करतीस? पोराची कमाल हाय. पोटाला चिमटा घिऊन, फंड मोडून घर घेतोय त्यो, आन् तुला एक सही जड झाली व्हय?”

“फंड मोडून?” मी विचारलं.

“मग! मला त्यानंच सांगितलं. फंडातनं काढलं सगळं.”

मी श्रीरंगकडे बघितलं. तो वर पंख्याकडे बघत होता. पंखा बंद होता.

खरं सांगते, त्या क्षणी मी तोंड उघडलं असतं तर त्या खोलीत श्रीरंगला तोंड दाखवायला जागा उरली नसती. पर्समधला डीडी काढून टेबलावर आपटावा असं फार वाटलं. माझ्या बचतीच्या खात्यातून निघालेला होता तो. पण अण्णांचा तो पांढरा शर्ट, भावाबद्दलचं ते कौतुक, आणि पंख्याला चिकटलेली माझ्या नवऱ्याची नजर. नाही जमलं मला. आतून नुसती भाजून निघत होते, तरी म्हटलं, “अण्णा, मला जरा बरं वाटत नाही. आज राहू दे.” पर्स काखेत घट्ट धरली आणि बाहेर आले.

पायऱ्यांवर भोकरे धावत मागं आले. “वहिनी, काय झालं? कासट तापलेत. नंबर गेला आपला.”

“वकीलसाहेब, त्या कागदात माझं नाव का नाही?”

“असं आहे,” ते एकदम मऊ झाले, “कर्ज पिसाळसाहेबांच्या एकट्याच्या नावावर आहे. मग घरही त्यांच्याच नावावर केलं. सुटसुटीत पडतं.”

“आणि सुरुवातीचे पैसे ज्याचे, त्याचं?”

“ते काय, घरातलेच झाले की वहिनी!”

“घरातलेच आहेत,” मी म्हटलं, “म्हणून तर घरात नाव पाहिजे.”

भोकऱ्यांनी डोकं खाजवलं. दोघांच्या नावानं करायचं तर बँकेला पुन्हा अर्ज द्यावा लागेल, दस्त नव्यानं करावा लागेल, पंधरा दिवस तरी जातील, आणि कासट तोवर थांबतील याची खात्री नाही, असं त्यांनी सांगितलं. “तिसरा मजला आहे, पार्किंगसकट. मागणी आहे वहिनी. हातचं घर जाईल.”

“डीडी माझ्याकडे आहे,” मी म्हटलं आणि गाडीची किल्ली काढली.

श्रीरंग खाली येऊन गाडीपाशी उभा होता. अर्ध्या दिवसाचीच रजा होती, त्याला ऑफिसला जायचं होतं. मी गाडी चालू केली, तो मागं बसला. पोवई नाक्यावर सिग्नलला थांबलो तेव्हा मागून बारीक आवाज आला.

“अण्णाला मी तसं सांगितलं होतं.”

“ऐकलं मी.”

“त्यानं विचारलं, कुठनं आणलेस एवढे? तोंडातून निघून गेलं. मग तोच साक्षीदार म्हणून येणार, त्याच्यासमोर दस्त वाचणार. तुझं नाव दिसलं असतं तर म्हणाला असता, हिचं का?”

“म्हणून मला गाळलंत?”

“गाळलं काय! घर आपलंच आहे की.”

“‘आपलं’ म्हणजे कुणाचं?”

सिग्नल सुटला. मागून एक रिक्षावाला हॉर्न बडवायला लागला. मी निघाले. पिठाच्या गिरणीचा कोपरा आला आणि हातानं सवयीनं ब्रेक दाबला. श्रीरंग उतरायला लागला. एक पाय खाली टेकला, एक अजून गाडीवर, आणि सवयीनंच पुटपुटला, “जरा पाय मोकळे होतात.”

मी गाडी बंद केली. समोर फाटक दिसत होतं. दोन माणसं पान खात उभी होती, वॉचमन खुर्चीवर पेंगत होता.

“अहो, इथून फाटक किती लांब असेल?”

“असेल... दोन-अडीचशे पावलं.”

“दोन-अडीचशे पावलांत तुमचे पाय मोकळे होतात?”

त्याची मान खाली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“कोण बघेल म्हणून उतरता इथं?”

“हसतात गं,” तो शेवटी म्हणाला. “पहिल्या आठवड्यात एकदा फाटकापर्यंत आलो होतो, आठवतं? दिवसभर चालू होतं. पिसाळ, आज बाईसाहेबांनी आणलं का? पिसाळ, नीट धरून बसलास ना? मग... मग मी इथं उतरायला लागलो.”

आठ वर्षं. आठ वर्षं हा माणूस मला लोकांपासून लपवत होता, आणि मी त्याला कोपऱ्यावर सोडून म्हणत होते, तेवढंच चालणं. मला हसू आलं. हसू आलं म्हणून राग आला. आणि राग आल्यावर लक्षात आलं की मला रडू येतंय, तेव्हा मी हेल्मेटची काच खाली ओढली.

“दस्तातही तेच केलंत,” मी म्हटलं. “माझ्या गाडीवरून आलात, आणि फाटक दिसल्यावर मला कोपऱ्यावर सोडलंत.”

“कुंदा, पण घर जाईल गं.”

“जाऊ दे. भाड्याच्या घरात निदान मी कुणाची साक्षीदार नाही.”

आणि मी गाडी वळवली. आरशात बघितलं तर तो तिथंच उभा होता, हातात जेवणाचा डबा.

त्यानंतर तीन दिवस आमच्या घरात फार सभ्य वातावरण होतं. मी वाढायचे, तो “पुरे” म्हणायचा. सकाळी तो वीस मिनिटं लवकर निघून चालत ऑफिसला जायचा. पाय चांगलेच मोकळे होत असणार. कासटांचे दोन निरोप आले. दुसऱ्यात त्यांनी साताऱ्यात घरांना किती गिऱ्हाईक आहे ते कळवलं. मी वरवर ताठ होते. पण मैदानावर एका मुलीला “डावीकडे” म्हणायच्या ऐवजी “तिसरा मजला” म्हणाले, तेव्हा मला माझंच कळलं. घर मला हवंच होतं. फक्त ते असं नको होतं.

चौथ्या दिवशी सकाळी पहिली बॅच चालू असताना मैदानाच्या फाटकातून अण्णा आले. मागं आमच्या मोठ्या जाऊबाई, डोक्यावर पदर. मी शिट्टी मारून गाड्या थांबवल्या. म्हटलं, झालं, आता पंचायत बसणार.

अण्णांनी आधी स्कूटीभोवती एक चक्कर मारली. चाकाला पायानं ठोकून हवा बघितली. “हिला क्लच नसतो व्हय?”

“नसतो अण्णा.”

“मग काय ड्रायव्हिंग म्हणायचं ह्याला!” मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, “श्रीरंग आलता काल. आमच्या कोरेगावापातूर. यष्टीत उभं राहून आलता. म्हणला, अण्णा, फंड-बिंड काय नाय, पैसे तिचे हायेत. रडला. आगं, सायकलवरनं पडला तवाबी एवढा रडला नव्हता.”

मी हातातली शिट्टी नुसती फिरवत राहिले.

“मी म्हणलं, आरं येड्या, मग तिला साक्षीदार कशाला केलंस? आन् तू तरी कशी गं! मी एवढा त्याचा मोठेपणा सांगतोय, आन् तू गप बाहीर गेलीस. बोलली आसतीस एक शब्द.”

“तुमच्यासमोर नाही बोलता आलं, अण्णा.”

त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. बत्तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, पण तिथं उभं कसं राहावं हे त्याला सुचत नव्हतं. मग एकदम बायकोकडे हात करून म्हणाले, “हिला शिकव. आठवड्यातनं दोनदा आणून सोडतो.”

“अवो, मला कशाला ह्या वयात?” जाऊबाई पदराआडून म्हणाल्या. पण डोळे गाडीवरच होते.

मी घरी आले तेव्हा श्रीरंग ऑफिसला गेलेला होता. ओट्यावर कुकरखाली एक छापील फॉर्म ठेवलेला होता, उडू नये म्हणून. सहअर्जदाराचं नाव, असं लिहून पुढं त्याच्या त्या सुंदर अक्षरात माझं नाव. वय, पत्ता, सगळं भरलेलं. धंदा या रकान्यात ‘वाहन प्रशिक्षक’. सहीची जागा मोकळी होती. त्याच्याकडे बघून मी चहा न करताच पाच मिनिटं उभी राहिले.

आम्ही दोघं बँकेत गेलो. मला वाटलं होतं फार मोठं काही असेल. त्याच बाईंनी माझे दोन फोटो घेतले आणि तीन ठिकाणी सह्या घेतल्या.

“पण माझं उत्पन्न कागदावर नाही ना?” मी विचारलं.

“उत्पन्न धरत नाही आम्ही तुमचं. पण नाव घालायला काय अडचण आहे? घरात नाव घालायचं तर कर्जातही घाला, एवढंच.”

“मग तेव्हा का नाही सांगितलंत?”

“तेव्हा तुम्ही विचारलं नव्हतं, मॅडम.”

आणि ते खरं होतं. मी विचारलंच नव्हतं. कर्जात माझं नाव नाही हे ठाऊक असून दस्तात तरी आहे का, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं. श्रीरंगचा जेवढा राग केला त्यातला थोडा मी त्या दिवशी स्वतःकडे वळवला.

कासट थांबले. पण फुकट नाही थांबले. भाव तोच ठेवला, फक्त छपराखालचं पार्किंग मधल्या काळात दुसऱ्याला देऊन टाकलं. ज्या पार्किंगसाठी मी ते घर बघितलं होतं, तेच गेलं. आजही माझी गाडी उघड्यावर असते, दर दोन वर्षांनी सीट फाटते. त्यावरून मी कासटांना अजून अधूनमधून शिव्या देते.

सतरा दिवसांनी पुन्हा तेच ऑफिस, तेच साहेब. साडीही तीच, अंजिरी. “लिहून घेणार, या!” म्हटल्यावर मी उठले आणि यावेळी मला कुणी बाजूला हो म्हटलं नाही. फोटोत माझे डोळे मिटलेले आलेत. कायमचे.

पहिले साक्षीदार अण्णाच. दुसरी नसीम, ड्युटी संपवून थेट पांढऱ्या युनिफॉर्मवरच आलेली, कारण घाडग्यांना पुन्हा विचारायचं नाही असं श्रीरंगनंच ठरवलं होतं. साहेबांनी मला ओळखलं असावं. चष्म्यावरून एकदा बघितलं. मग नसीमकडे वळले.

“या दोघांना ओळखता का?”

“हो सर. बाईंना तर चांगलीच ओळखते.”

“आणि हे? हे कोण?”

नसीमनं श्रीरंगकडे नीट बघितलं. तिची नजर त्याच्यावर अशी थांबली की मला धडकीच भरली. बिचारीनं त्याला समोरून फारसा बघितलाच नव्हता.

“हे होय! हे बाईंच्या गाडीवर मागं बसतात ते.”

मग कॅमेऱ्यावरच्या बाई फिस्सकन हसल्या, भोकऱ्यांनी गठ्ठ्यात तोंड घातलं, अण्णा तर मांडीवर थाप मारून हसायला लागले. आता हा पुन्हा पंख्याकडे बघणार, मला वाटलं.

श्रीरंगनं साहेबांकडे बघितलं. कानाच्या पाळ्या लालच होत्या. पण म्हणाला, “बरोबर आहे साहेब. तोच मी.”

साहेबांनी शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डबा घेऊन खाली आला आणि मागं बसला. पिठाच्या गिरणीचा कोपरा आला. माझा हात सवयीनं ब्रेकवर गेला.

“थांबू नकोस,” मागून आवाज आला.

मी फाटकापर्यंत गेले. वॉचमन खुर्चीवरून उठला. पायरीवर तिघं-चौघं उभे होते, त्यात घाडगेही. त्यांनी आधी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग श्रीरंगकडे, आणि चेहऱ्यावर जे यायचं ते आलंच.

“काय पिसाळ! आज वहिनींनी आणून सोडलं वाटतं?”

श्रीरंग सावकाश उतरला. डबा या हातातून त्या हातात घेतला.

“आज नाही,” तो म्हणाला. “आठ वर्षं झाली. रोजच सोडते.”

आणि तो आत गेला. मी गाडी वळवली. साडेदहाच्या बॅचला उशीर झाला होता, आणि जाऊबाईंचा पहिला दिवस होता.